सहाशे पाकिटांची परतवारी

ज्येष्ठ वद्य दशमीला सकाळी अकराच्या सुमारास सदाशिव पेठेतल्या एका जुन्या दुकानदारांचा फोन आला. दोन्ही पालख्या आदल्या संध्याकाळी पुण्यात मुक्कामाला आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी योगिनी एकादशी असल्यामुळे उपवासाच्या पदार्थांना मोठी मागणी होती, त्यामुळे आणखी माल हवा असेल असे गृहीत धरूनच मी फोन उचलला. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या उपासाच्या भाजणीला धन्याचा वास येतोय असं एक आजी म्हणताहेत. पाकीट इथं आणून ठेवलंय. मलाही तसंच वाटतंय."

आमचा कारखाना नऱ्ह्याला आहे. मेतकूट, चटण्या आणि दोन प्रकारच्या भाजण्या आम्ही करतो. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, गहू आणि धने असतात, तर उपवासाच्या भाजणीत राजगिरा, साबुदाणा, वरई आणि थोडे जिरे. दोन्ही भाजणी एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, आतले न दिसणाऱ्या पाऊचमध्ये भरली जाते आणि वरचे स्टिकर तेवढे वेगळे असते. पाच-सहा रुपये वाचतात म्हणून केलेली ही सोय पुढे काय करू शकते, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

आजींचे पाकीट दुचाकीवरून मागवून घेतले. कात्रीने कापून ताटात ओतले, तेव्हा वास घेण्याचीही गरज पडली नाही. राजगिऱ्याच्या पिठाचा फिकट पांढुरका रंग कुठेच नव्हता. ताटात खमंग, तांबूस, मध्येच धन्याचे सालपट दिसणारी, आमची नेहमीची थालीपिठाची भाजणी होती. वर स्टिकर मात्र उपवासाच्या भाजणीचे, त्यावर बॅच क्रमांक, बांधणीची तारीख आणि घटकांची यादी, सगळे व्यवस्थित छापलेले.

प्रत्येक बॅचची दोन पाकिटे आम्ही राखीव नमुना म्हणून ठेवतो, एक सकाळी पहिले निघालेले आणि एक दुपारच्या जेवणाआधीचे. ती दोन्ही उघडून पाहिली, तर दोन्हीत अगदी योग्य उपवासाची भाजणी निघाली. त्यामुळे क्षणभर असे वाटले की एखाद-दुसरेच पाकीट चुकले असावे. खरी गोष्ट कळली ती स्टिकरच्या वहीतून. त्या दिवशी उपवासाच्या भाजणीचे २२५ किलो पीठ पॅकिंगला दिलेले होते, म्हणजे अर्ध्या किलोची ४५० पाकिटे व्हायला हवीत. स्टिकर दिले गेले होते ६००. उरलेले १५० स्टिकर परत आल्याची नोंद नव्हती आणि गोदामात शिल्लकही नव्हते. उलट थालीपिठाच्या भाजणीचे स्टिकर बरोबर १५० जास्त शिल्लक होते. दुपारी चारला उपवासाचे पीठ संपले, थालीपिठाचे सुरू झाले आणि स्टिकरचा रोल बदलायचा राहून गेला, हे त्या दोन आकड्यांनी स्वच्छ सांगितले. पॅकिंगच्या ताईंना रडू आवरेना. पण माल बदलताना टेबल रिकामे करून, जुने स्टिकर मोजून, सही करून मगच पुढचे काम सुरू करायचे हा नियम कागदावर मीच लिहिला होता आणि त्या सहीची जागा गेले चार महिने कोरी होती. ती रोज तपासणे हे माझे काम होते.

कारखान्यात माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच अप्पा म्हणतो, चाळीस वर्षे धंदा पाहत आले आहेत. त्यांचे पहिले म्हणणे असे होते की दुकानदारांना फोन करून माल शांतपणे बदलून द्यावा, गाजावाजा करू नये. "कुणाचा उपास मोडला असेल तर वाईटच झालं, पण त्यात कायदा कुठून आला?" असे ते म्हणाले. त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे चुकीचा वाटला नाही, कारण भाजणी खराब नव्हती आणि ती खाऊन निरोगी माणसाला काहीही होणार नव्हते. पण त्या पाकिटात गहू होता आणि स्टिकरवर त्याचा उल्लेख नव्हता. गव्हातल्या ग्लुटेनमुळे ज्यांच्या आतड्यांना इजा होते, अशा सीलिअ‍ॅकच्या रुग्णांची कुटुंबे बिनगव्हाचे पीठ म्हणून वर्षभर उपवासाची भाजणी नेतात, हे आम्हाला दुकानदारांकडून माहीत होते. लेबलिंगच्या २०२०च्या विनियमांत ज्या घटकांचा अ‍ॅलर्जीसाठी ठळक उल्लेख करावा लागतो, त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये आहेत, तसेच दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन हेही आहेत. तेव्हा उपास मोडण्याचा प्रश्न श्रद्धेचा राहिला, तरी न सांगितलेल्या गव्हाचा प्रश्न सरळ सुरक्षिततेचा होता.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील कलम २८ असे सांगते की आपण बनवलेले किंवा वितरित केलेले अन्न कायद्याला धरून नाही असे मानायला जागा असेल, तर व्यावसायिकाने ते बाजारातून आणि ग्राहकांकडून परत घेण्याची कार्यवाही तत्काळ सुरू करायची, परत घेण्याचे कारण सांगायचे आणि सक्षम अधिकाऱ्यांना कळवायचे. त्याखाली २०१७ साली रिकॉलच्या, म्हणजे माल परत मागवण्याच्या, कार्यपद्धतीचे स्वतंत्र विनियम आले. उत्पादक, आयातदार आणि घाऊक पुरवठादार यांनी रिकॉलची लेखी योजना तयार ठेवली पाहिजे, असे त्यांत आहे. निव्वळ किरकोळ विक्री करणाऱ्या दुकानदाराला ती ठेवावी लागत नाही, मात्र माल परत येण्यात त्याचा सहभाग लागतोच. आमच्याकडे अशी योजना होती. परवान्याच्या वेळी सल्लागाराने करून दिलेली, अकरा पानांची, फाइलमध्ये लावलेली. तिच्यात आम्ही स्वतःसाठी चोवीस तासांची मर्यादा लिहून ठेवली होती, एवढे मला आठवत होते. बाकीचे त्या दुपारी पहिल्यांदाच नीट वाचले. त्यात दिलेले दोन फोन क्रमांक बंद लागले आणि जबाबदार व्यक्ती म्हणून ज्या व्यवस्थापकांचे नाव होते ते दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते.

दुपारी दोनपर्यंत गोदामातली ८४ पाकिटे वेगळी काढून, लाल पट्टी लावून, कुलूपबंद खोलीत ठेवली आणि त्या मालाचे बिल निघणार नाही अशी संगणकातच व्यवस्था केली. त्यानंतर मी अन्न व औषध प्रशासन विभागाच्या कार्यालयात फोन केला. फोन करताना हात थरथरत होता हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी चार प्रश्न विचारले: बॅच कोणती, किती पाकिटे, कुठे कुठे गेली, आणि कुणाला त्रास झाल्याची तक्रार आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची आणि शेवटच्याची उत्तरे मी लगेच देऊ शकले. तिसऱ्याला अडखळले.

आमच्या बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, कारण १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक झाले आहे. मालाचे नाव, वजन, दर, कर सगळे असते. बॅच क्रमांक नव्हता. त्यामुळे त्या बॅचची बाहेर पडलेली पाकिटे नेमकी कोणत्या दुकानात गेली, हे आमच्या कोणत्याही कागदावरून सांगता येत नव्हते. मार्केट यार्डातल्या वितरकांकडे आधीच्या बॅचचाही माल शिल्लक होता आणि त्यांच्या बिलावर फक्त "उपवास भाजणी ५०० ग्रॅम" एवढीच ओळ होती. पिंपरी-चिंचवडचे वितरक तर पावती पुस्तकावरच काम करत होते. बॅच लिहिलेली असती, तर माझ्या अंदाजाने पन्नासेक दुकानांशी संपर्क साधून भागले असते. तसे नसल्यामुळे गेल्या महिन्याभरात आमची उपवासाची भाजणी घेतलेल्या सगळ्या ९३ दुकानांना कळवावे लागले आणि प्रत्येकाला आधी बॅच क्रमांक वाचायला शिकवावे लागले. तो क्रमांक पाऊचच्या मागे, तळाच्या शिवणीजवळ, इतक्या बारीक अक्षरांत होता की दोन दुकानदारांनी बांधणीची तारीखच बॅच म्हणून सांगितली.

वितरणाच्या नोंदींत मालाचे नाव, लॉट किंवा बॅच, कोणाला, कधी, किती दिले, हे सगळे असावे आणि त्या नोंदी मालाची मुदत संपल्यानंतरही एक वर्ष जपाव्यात अशी विनियमांची अपेक्षा आहे. मी ही तरतूद आधी वाचलेली होती. हिशेबनीसांकडे बिले आहेत म्हणजे नोंदी आहेत, असा माझा समज होता.

पत्राचा मसुदा करताना अप्पांशी दुसऱ्यांदा वाद झाला. त्यांना "तांत्रिक कारणास्तव" असे लिहायचे होते. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचे पाणी बंद राहणार असेल, तर सूचनाफलकावर हेच दोन शब्द असतात आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. कायदा कारण सांगायला सांगतो, शिवाय कारण वाचल्याशिवाय सीलिअ‍ॅक असलेल्या घरातल्या माणसाला आपल्याकडचे पाकीट धोक्याचे आहे हे समजणार कसे? शेवटी पत्रात असे लिहिले: या बॅचच्या काही पाकिटांत उपवासाच्या भाजणीऐवजी थालीपिठाची भाजणी भरली गेली आहे, तिच्यात गहू, इतर धान्ये, डाळी व धने आहेत, गव्हाची किंवा ग्लुटेनची अ‍ॅलर्जी अथवा असहिष्णुता असलेल्यांनी ती खाऊ नये, आणि पाकीट उघडलेले असले तरी पूर्ण पैसे परत मिळतील. त्याखाली मालाचे नाव, वजन, बॅच, बांधणीची तारीख, मुदत आणि संपर्काचा फोन. "काही पाकिटांत" या शब्दांवर विभागाच्या अधिकाऱ्यांनी नंतर बोट ठेवले. कलम २६(५) मध्ये असे गृहीतक आहे की एखाद्या बॅचमधले काही अन्न असुरक्षित असेल, तर सविस्तर तपासणीत उलट सिद्ध होईपर्यंत त्या बॅचमधले सगळेच अन्न तसे मानायचे. आमच्या सहाशेपैकी ४५० पाकिटे चांगली आहेत हे मला वहीवरून माहीत होते, पण कोणती ४५० हे मला सांगता येत नव्हते. त्यामुळे सगळी सहाशे परत मागवायची, यात चर्चेला जागा नव्हती आणि पत्रात तसे स्पष्ट हवे होते. पत्र बदलून पुन्हा पाठवले. त्याच संध्याकाळी एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला, वितरणाची यादी जशी होती तशी, अपुरी असल्याचे लिहून पाठवली. अपुरी यादी वेळेत पाठवावी की दोन दिवसांनी पूर्ण करून पाठवावी, याचा मी बराच विचार केला होता. वेळेत पाठवली हे बरे झाले असे आज वाटते, कारण उरलेली नावे पुढच्या चार दिवसांत हप्त्याहप्त्याने जोडता आली आणि विभागाने त्याला हरकत घेतली नाही.

माल गोळा करणे हे निराळेच प्रकरण निघाले. पालख्यांच्या मुक्कामामुळे नाना पेठ, भवानी पेठ आणि आसपासचे रस्ते वाहनांना बंद होते, टेम्पो आत जाणे शक्य नव्हते. आमची दोन मुले पाठीवर पोती घेऊन, वारकऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत दुकानादुकानांत गेली. प्रत्येक दुकानातून त्यांनी पोच घेतली: किती आली होती, किती विकली, किती परत दिली, सही, शिक्का. ही पोच घ्यायची म्हणून मी हट्ट धरला तेव्हा मुले वैतागली होती, कारण दशमीच्या संध्याकाळी किराणा दुकानदाराला सही मागणे म्हणजे शिव्या खाण्याचीच तयारी. पण महिन्याभराने जेव्हा आकड्यांचा ताळा द्यायची वेळ आली, तेव्हा त्या चुरगळलेल्या ९३ कागदांखेरीज आमच्या हातात दुसरे काही नव्हते.

त्या दुकानांपैकी एकाने सांगितले की वीस पाकिटे एका मंडळाने दिंडीला शिधा म्हणून देण्यासाठी घेतली होती. ती ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंडीच्या ट्रकमध्ये गेली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती दिंडी हडपसरमार्गे दिवे घाट चढून सासवडला निघणार होती. ट्रकचालकाचा फोन लागला नाही. एकादशीला सकाळी अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घ्यायला आले, ते काम उरकून मी आणि माझे दीर निघालो. दिवे घाट वाहनांना बंद असल्याने सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत जाऊन नारायणपूरमार्गे सासवड गाठले. शेकडो तंबूंमधून दिंडीचा क्रमांक विचारत विचारत ट्रक सापडेपर्यंत रात्रीचे आठ वाजून गेले होते.

चुलीपाशी बसलेल्या मावशींना मी पाकिटांबद्दल विचारले. त्यांनी उठून ट्रकच्या फाळक्यामागून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात दोन उघडी पाकिटे रबर लावून ठेवलेली होती. "ह्यात धनं दिसलं, म्हनून बाजूला ठिवली. बाकीची चार चांगली हुती, ती सकाळीच लागली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमचीच का ही?" मी हो म्हटले. न उघडलेली चौदा आणि ती दोन, अशी सोळा पाकिटे मी मोजून घेतली आणि माफी मागितली. त्यांनी कागदावर अंगठा दिला आणि उपवासाचा म्हणून दोघांना पेलाभर बिनसाखरेचा, गुळाचा चहा दिला. परतताना दीर म्हणाले, की कारखान्यात चौदा माणसे, दोन वितरक आणि त्र्याण्णव दुकाने यांपैकी कुणाला जे दिसले नाही ते या मावशींना कंदिलाच्या उजेडात दिसले. मला वाटते, त्यांना दिसले कारण त्या पीठ वापरण्याआधी हातावर घेऊन बघतात. आम्ही फक्त वजन बघत होतो.

नमुना घेण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याविषयी धंद्यात नाहक भीती आहे. अधिकारी पंचांसमोर नमुना घेतात, त्याचे चार भाग करून सील करतात आणि नमुना घेत असल्याची फॉर्म पाच-ए मधील नोटीस आपल्याला देतात. एक भाग अन्नविश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे राहतात आणि चौथा, आपण तशी मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. मागणी त्याच वेळी करायची असते. मी केली नाही, कारण आमचीच चूक आहे हे मी आधीच लिहून दिले होते. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. आमचा अहवाल अपेक्षेप्रमाणे आला: भाजणी खाण्यास योग्य, परंतु लेबलवरील माहिती चुकीची, म्हणून मिथ्याछाप.

सूचना वर्तमानपत्रात छापल्यानंतरचे आठ दिवस फोनचे होते. बहुतेकांनी पैसे मागितलेच नाहीत. काहींनी चातुर्मासाच्या तोंडावर हे काय केलेत, म्हणून सुनावले आणि ते ऐकून घेण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हते. सिंहगड रस्त्यावरून एका बाईंचा फोन आला, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे. पाकीट त्यांनी अजून उघडलेले नव्हते. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले की ज्या चक्कीत थालीपिठाची भाजणी दळली जाते, त्याच चक्कीत उपवासाची दळता का. मी खरे ते सांगितले, की हो, मध्ये स्वच्छ करून. "म्हणजे चुकीचं स्टिकर नसतं, तरी गव्हाचा अंश असू शकतो," त्या म्हणाल्या. आमच्या स्टिकरवर "ग्लुटेनमुक्त" असा दावा कधीच नव्हता. तो करायचा तर प्रति किलो २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावे लागते आणि आम्ही ते कधी तपासलेच नव्हते. परंतु तसा दावा नव्हता एवढ्यावर मला झोप लागली नाही. त्या फोननंतर स्टिकरवर, याच कारखान्यात गव्हाचे पदार्थ तयार होतात, अशी ओळ आली. हा बदल रिकॉलच्या कोणत्याही कागदात मागितलेला नव्हता.

परत आलेल्या मालाचे काय करायचे यावर अप्पांशी तिसरा आणि सर्वांत मोठा वाद झाला. थालीपिठाची भाजणी उत्तम होती, मुदत शिल्लक होती, नवीन पाऊचमध्ये भरून योग्य स्टिकर लावले की प्रश्न संपला, असे त्यांना वाटत होते आणि अन्न वाया घालवण्याचा त्यांना मनापासून त्रास होत होता. त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेली आहे. पण दुकानात आणि घरात राहून आलेली, काही उघडलेली पाकिटे कशी साठवली गेली होती हे आम्हाला माहीत नव्हते. विभागाला न विचारता परत आलेला माल पुन्हा बाजारात आणणे म्हणजे रिकॉलवरच पाणी सोडणे झाले असते. आमच्या गोदामातून बाहेरच न गेलेल्या ८४ पाकिटांविषयी आम्ही लेखी विचारणा केली, पण त्यातही दोन्ही भाजण्या मिसळलेल्या असल्यामुळे शेवटी तीही नष्टच केली. नष्ट करण्याआधी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत एक एक पाकीट कापून पाहिले. एकूण ५११ परत आली होती: गोदामातली ८४, वितरकांकडची १३२, दुकानांतली २१८, ग्राहकांकडून ६१ आणि दिंडीची १६. त्यांत थालीपिठाची भाजणी निघालेली पाकिटे १२१ होती. म्हणजे चुकीची २९ पाकिटे कुणीतरी खाल्ली, फेकली किंवा अजून फडताळात ठेवली होती. पंचनाम्यात हा आकडा तसाच लिहिला. सल्लागाराने "बहुतांश माल परत आला" असे लिहा, म्हणून सुचवले होते.

पैशांच्या बाजूविषयी थोडक्यात. वितरकांना क्रेडिट नोटा दिल्या. नष्ट केलेल्या मालावरची इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे मिळत नाही, म्हणून कच्च्या मालावर घेतलेले क्रेडिट परत भरावे लागले. हे हिशेबनीसांनी सांगितले नसते तर माझ्या लक्षात आले नसते. विमा आगीचा आणि चोरीचा होता, त्यात रिकॉल बसत नाही. वर्तमानपत्रातील सूचनेचा खर्च सगळ्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाला.

मिथ्याछाप अन्नासाठी कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायनिर्णय अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली तेव्हा कलम ४९ मधल्या बाबी विचारात घेतल्या गेल्या: चुकीतून काही फायदा उकळला का, नुकसान किती झाले, हे वारंवार घडते का, जाणूनबुजून केले का. आम्हाला पंचवीस हजारांचा दंड झाला. माझ्या मते तो रास्त होता. सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले एक मिठाईवाले मला म्हणाले, की तुम्ही स्वतःहून कळवलेत म्हणून अडकलात, गप्प राहिला असतात तर कुणाला कळले नसते. सदाशिव पेठेतल्या आजींना कळले होते आणि सासवडच्या मावशींनाही, एवढेच मी त्यांना सांगितले.

रिकॉल बंद करण्याची विनंती आपणच करायची असते, अंतिम अहवाल जोडून, पुन्हा असे होऊ नये म्हणून काय केले ते लिहून. आमच्या अहवालातला शेवटचा भाग लिहायला सर्वांत सोपा गेला, कारण कामे झालेली होती. उपवासाच्या भाजणीचे पाऊच आता हिरवे आहे आणि त्याला आतले पीठ दिसेल अशी खिडकी आहे. उरलेले स्टिकर मोजून परत दिल्याशिवाय दुसरा रोल कपाटातून निघत नाही. राखीव नमुन्यांत दिवसाचे शेवटचे पाकीटही असते. बिलावर बॅचचा रकाना आहे. पिंपरी-चिंचवडच्या वितरकांनी त्याला दोन महिने विरोध केला, मग बॅच न लिहिता माल द्यायचा नाही असे अप्पांनीच त्यांना बजावले. दर सहा महिन्यांनी कुठलीही एक बॅच निवडून तिचा माग काढायचा सराव करतो. पहिल्या सरावात सगळी पाकिटे कुठे आहेत हे सांगायला आम्हाला सात तास लागले, दुसऱ्यात दीड.

बंद झाल्याचे पत्र भाद्रपदात आले. त्यानंतर दिवाळीच्या साफसफाईत कर्वेनगरच्या एक काकू एक पाकीट घेऊन स्वतः नऱ्ह्याला आल्या. मुदत संपलेली होती. त्यांना पैसे परत दिले, ते त्यांनी घेतले नाहीत, मग मेतकुटाचे एक पाकीट घेतले. अप्पांनी ते जुने पाकीट कात्रीने कापून ताटात ओतले. राजगिऱ्याची, फिकट, बरोबर उपवासाचीच भाजणी होती. वहीत ५१२ क्रमांकावर तशी नोंद करून त्यांनी सही केली.